दुसऱ्याने आरंभिलेले काम

१९७७ च्या सप्टेंबरमध्ये पृथ्वी सोडून गेलेले व्हॉयेजर-१ हे अंतराळयान २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाएकी निरर्थक बोलू लागले. त्याच्या रेडिओलहरी खंडित झाल्या नव्हत्या, परंतु त्यांत माहिती उरली नव्हती. शून्य आणि एक या अंकांची एकच मांडणी पुनःपुन्हा येत होती. यान तेव्हा पृथ्वीपासून सुमारे २४ अब्ज किलोमीटर अंतरावर होते. प्रकाशाच्या वेगाने निघालेली आज्ञा तेथवर पोहोचण्यास साडेबावीस तास लागत आणि तिचा परिणाम कळण्यास तितकाच अवधी पुन्हा जात असे. एक प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी जवळजवळ दोन दिवस थांबावे, अशा गतीने कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी हा दोष शोधला.

दोष एका स्मृतिचिपमध्ये होता. यानावरील उपकरणांची माहिती एकत्र करून पृथ्वीकडे पाठवण्याचे काम करणाऱ्या संगणकाच्या स्मृतीचा एक लहानसा भाग त्या चिपवर होता, आणि ती चिप निकामी झाली होती. दुरुस्ती म्हणजे तेथील आज्ञावली उचलून स्मृतीच्या शाबूत भागात नेणे. परंतु ती संपूर्ण मावेल अशी सलग जागाच शिल्लक नव्हती. म्हणून तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे लागले, आणि ते विखुरलेले असूनही एकसंध चालतील अशी त्यांची परस्परांशी सांगड घालावी लागली. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिली दुरुस्ती पाठवली गेली. २० एप्रिलला उत्तर आले, आणि पाच महिन्यांनंतर यानाने प्रथमच स्वतःच्या प्रकृतीची समजेल अशी माहिती कळवली.

या प्रसंगाचे वृत्त वाचताना मी थांबलो ते एका बाबीपाशी. ज्या आज्ञावलीची ही पुनर्रचना होत होती, ती लिहिणारे अभियंते बहुतांशी निवृत्त झालेले होते आणि काही हयात नव्हते. त्यांनी कित्येक दशकांपूर्वी तयार केलेली कागदपत्रे धुंडाळून, यानाची अंतर्रचना पुन्हा शिकून, मगच आजच्या अभियंत्यांना उपाय सुचला. कागद लिहिणाऱ्यांना हा विशिष्ट बिघाड ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरीही त्यांनी लिहून ठेवले होते, म्हणून यान बोलते झाले.

अंतराळसंशोधनाचा इतिहास आपण उड्डाणांच्या तारखांनी स्मरतो. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुतनिक, १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन, २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरलेला मानव. या तारखा स्मरणीय आहेतच. परंतु आरंभाचा दिवस जितका आपल्या ध्यानात राहतो, तितकी त्यानंतरची वर्षे राहत नाहीत. दुसऱ्याने आरंभिलेले काम निष्ठेने पुढे नेणाऱ्यांविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. माझे नोकरीचे सारे आयुष्य अशाच कामात गेल्यामुळे असेल, मला त्यांच्याविषयी विशेष आस्था वाटते.

सह्याद्रीतील एका दगडी धरणाच्या देखभालीवर मी होतो. ते बांधणाऱ्यांपैकी एकालाही मी काम करताना पाहिलेले नाही. मी रुजू झालो तेव्हा धरण उभे होते, पाणी अडलेले होते, कालवे वाहत होते आणि उद्घाटनाची कोनशिला शेवाळलेली होती. माझ्या वाट्याला आल्या त्या नोंदवह्या. धरणाच्या पोटात निरीक्षणासाठी ठेवलेला एक अरुंद बोगदा असतो, आम्ही त्याला गॅलरी म्हणतो. भिंतीतून झिरपणारे पाणी तेथील निचऱ्याच्या छिद्रांतून गटारात येते, व्ही-नॉच या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेवर त्याची उंची मोजली जाते आणि त्यावरून पाझर किती हे ठरते. ही मोजणी वर्षानुवर्षे चालू होती. तारीख, जलाशयाची पातळी, पाझर आणि शेवटी शेरा. बहुतेक ठिकाणी शेऱ्याचा रकाना कोरा असे, किंवा त्यात 'निरंक' असा एकच शब्द असे.

एका अतिवृष्टीच्या वर्षी जलाशय जवळजवळ भरला असताना गॅलरीतील एका छिद्राचा पाझर झपाट्याने वाढला. वरिष्ठांना आम्ही तत्काळ कळवले, दर तासाला मोजणी सुरू केली आणि जुन्या वह्या काढून बसलो. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका वहीत शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत काही ओळी होत्या. पातळी अमुक उंचीपलीकडे गेली की हे छिद्र वाढते. दोन हंगामांच्या दरम्यान बांधकाम थांबले असता राहिलेला एक सांधा त्या उंचीवर आहे. पाणी स्वच्छ असेल तर तीन-चार दिवसांत प्रवाह स्थिरावतो. गढूळ झाल्यास मात्र क्षणभरही थांबू नये. खाली एका शाखा अभियंत्याची सही. पाणी स्वच्छच होते आणि चौथ्या दिवशी पाझर स्थिरावला. त्या सहीच्या धन्याला मी कधीही भेटलो नाही, परंतु त्या रात्री गॅलरीत उभा असताना माझ्या निर्णयाला जो आधार होता तो त्यांचा होता.

याच्या उलट अनुभवही आहे. एका दरवाजाच्या यंत्रणेत पूर्वी कोणीतरी फेरफार केलेला होता आणि वहीत केवळ 'बदल केला' एवढीच नोंद होती. का केला, हे कोठेही नव्हते. तो फेरफार पूर्ववत करावा की तसाच ठेवावा, या एका प्रश्नावर आमचा एक संपूर्ण उन्हाळा खर्ची पडला. काय केले हे माणसे नोंदवतात, कारण तसा नियम असतो. का केले हे नोंदवण्याचा नियम नसतो, ते कर्तव्यबुद्धीवर सोडलेले असते. कालांतराने प्रश्न उभा राहतो तो नेमका तेथेच.

व्हॉयेजरच्या मोहिमेकडे मी या दृष्टीने पाहतो, आणि मग तिचे प्रारंभीचे निर्णयही निराळे दिसू लागतात. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार ग्रह १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा स्थितीत येत होते की एकाच यानाला एकामागून एक चौघांजवळून जाता यावे. असा योग सुमारे १७६ वर्षांनी येतो. १९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो या तरुण संशोधकाने गणिताने तो हेरला. त्याआधी १९६१ मध्ये मायकेल मिनोविच यांनी ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा यानाच्या गतीसाठी कसा उपयोग होऊ शकतो हे मांडले होते. यान ग्रहाजवळ येताना वेग घेते आणि दूर जाताना तितकाच गमावते, मग लाभ कोणता, असा प्रश्न येथे सहज पडेल. ग्रहाच्या दृष्टीने पाहिले तर खरोखरच लाभ नाही. परंतु ग्रह स्वतः सूर्याभोवती धावत असतो. त्याच्या पाठीमागून वळण घेणारे यान त्या धावण्यातील अत्यल्प अंश स्वतःकडे घेते. गुरूचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की त्याच्या गतीतील घट मोजण्यापलीकडची असते. यानाचा मार्ग आणि वेग मात्र पार बदलून जातो. इंधन न जाळता मिळालेला हा वेग नसता, तर नेपच्यूनपर्यंतचा प्रवास बारा वर्षांत होणे शक्य नव्हते.

तरीही चार ग्रहांची योजना खर्चाच्या कारणाने मंजूर झाली नाही. संमती मिळाली ती गुरू आणि शनी या दोघांपुरती, सुमारे पाच वर्षांच्या कार्यकाळासाठी. अभियंत्यांनी ती मर्यादा पाळली, परंतु पुढील वाट बंद होईल असे काही केले नाही. संदेशातील चुका ओळखून दुरुस्त करणारी संकेतनाची एक नवी पद्धत त्यांनी यानावर बसवून ठेवली. गुरू-शनीपाशी तिची निकड नव्हती. युरेनस आणि नेपच्यूनहून येणाऱ्या अतिक्षीण संदेशांसाठी तिचा उपयोग झाला. युरेनसपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ३७० पटींनी मंद असतो, नेपच्यूनपाशी सुमारे ९०० पटींनी. इतक्या अंधुक प्रकाशात छायाचित्र घ्यायचे तर कॅमेऱ्याची झडप दीर्घकाळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात वेगवान यान पुढे सरकल्याने चित्र पुसट होते. यावर उपाय म्हणून संपूर्ण यानच संथपणे फिरवून लक्ष्यावर नजर स्थिर ठेवण्याची युक्ती पुढच्या पिढीने प्रवासातच यानाला शिकवली. पृथ्वीवरील ६४ मीटर व्यासाच्या अँटेना ७० मीटरच्या करण्यात आल्या. २५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर-१ चे जुळे यान व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले तेव्हा ते मूळ मंजुरीच्या कितीतरी पलीकडे पोहोचलेले होते. आजवर त्या ग्रहाजवळ दुसरे कोणतेही यान गेलेले नाही.

व्हॉयेजर-२ ची एक व्यथा मात्र पार १९७८ पासूनची आहे. त्या वर्षी त्याचा मुख्य संदेशग्राहक कायमचा बंद पडला आणि पर्यायी संदेशग्राहकही सदोष निघाला. पृथ्वीकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारितेत होणारे बदल ओळखून स्वतःला जुळवून घेण्याची त्याची क्षमता नष्ट झाली होती. तो ऐकतो ते केवळ एका अतिशय अरुंद पट्ट्यातले, आणि तो पट्टाही यानाच्या तापमानासोबत सरकत राहतो. त्यामुळे त्या क्षणी यानाचे तापमान काय असेल, पृथ्वी आणि यान यांची सापेक्ष गती काय असेल, यांचे गणित करून नेमक्या त्याच वारंवारितेवर आज्ञा पाठवाव्या लागतात. सूर्यमालेतील चार थोर ग्रहांचे दर्शन घडवणारे हे यान जवळजवळ संपूर्ण प्रवासात असे अर्धबधिर होते. त्याच्याशी कसे बोलावे हे ज्ञान यानात नाही. ते पृथ्वीवरील माणसांनी एकमेकांना शिकवत आणले आहे. ही साखळी एका ठिकाणी तुटली असती, तरी बाकी यंत्रे चालू असूनही ते यान आपल्याला कायमचे दुरावले असते.

२०१७ मध्ये व्हॉयेजर-१ च्या दिशा सांभाळणाऱ्या लहान इंजिनांची शक्ती घटू लागली, तेव्हा चमूने जुनी माहिती उकरून काढली. आता कोणी वापरत नाही अशा संगणकीय भाषेतील आज्ञावली त्यांनी तपासली आणि १९८० च्या नोव्हेंबरनंतर एकदाही न वापरलेली इंजिने पुन्हा पेटवण्याचे ठरवले. ३७ वर्षांच्या खंडानंतर ती पेटली. नव्याच्या निर्मितीत जो आनंद असतो तो येथे नाही, असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या बुद्धीने रचलेल्या वस्तूचा अभिप्राय शोधणे, तिच्या मर्यादा मान्य करून तिच्याकडून काम करवून घेणे, आणि हे करताना रचनाकर्त्याविषयी आदर बाळगणे, यासाठी प्रतिभेइतकाच विनयही लागतो. नव्या माणसाला जुने मोडून पुन्हा आरंभ करण्याचा मोह नेहमीच असतो. येथे तो पर्याय उपलब्धच नव्हता, आणि म्हणूनच ही मोहीम इतकी बोधप्रद झाली आहे.

व्हॉयेजरबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यावरील ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे, हे आपल्याला ठाऊक असते. केसरबाई केरकर यांच्या भैरवीचाही उल्लेख आपण अभिमानाने करतो. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाईंनी उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापाशी १९२१ पासून खाँसाहेबांच्या १९४६ मधील निधनापर्यंत तालीम घेतली. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चे, आणि केसरबाईंचे देहावसान १६ सप्टेंबरचे. या दोन तारखांमधील सान्निध्य मन हेलावणारे आहे, परंतु मला येथे वेगळेच सांगायचे आहे. ध्वनिमुद्रिकेने केसरबाईंचा स्वर नेला, तोही जेमतेम साडेतीन मिनिटांचा. त्या स्वरामागील विचार, रागाची ती बढत, श्वासाचा तो निग्रह आणि तानेच्या पेचांतील ती शिस्त मुद्रिकेत मावणारी नव्हती. ते टिकले ते धोंडूताई कुलकर्णींसारख्या शिष्येने समोर बसून घेतले म्हणून. शिष्य स्वीकारण्याच्या बाबतीत केसरबाई अत्यंत कठोर होत्या. गायकी देणे ही त्यांच्या लेखी किती गंभीर गोष्ट होती याचेच हे द्योतक मानावे. केसरबाईंच्या जयपूर-अत्रौली घराण्याची परंपरा आणि व्हॉयेजरचा तांत्रिक वारसा यांची तुलना कोणाला धाडसाची वाटेल. परंतु दोन्हीकडे मुद्रित वस्तू अपुरी आहे आणि तिचे मर्म सांगणारा माणूस आवश्यक आहे, हे मला निर्विवाद वाटते.

अशा माणसांत एडवर्ड स्टोन यांचे स्थान अनन्य आहे. १९७२ मध्ये, यान बांधून होण्याआधीच, ते मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले आणि २०२२ पर्यंत त्या पदावर राहिले. पन्नास वर्षे एका कामाची धुरा वाहणे ही मोठीच गोष्ट. परंतु योग्य वेळी ती दुसऱ्याच्या हाती देणे हेही त्याच कर्तव्याचे अंग आहे, आणि त्यांनी ते पार पाडले. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वैश्विक किरण मोजणारे जे उपकरण त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचे केंद्र होते, त्याच्याही साक्षीने २०१२ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून आंतरतारकीय अवकाशात गेल्याचे सिद्ध झाले होते. सूर्यकण एकाएकी विरळ झाले आणि बाहेरून येणारे कण वाढले, अशी ती साक्ष होती. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हॉयेजर-१ वरील ते उपकरण बंद करण्यात आले.

ते बंद करण्याचे कारण बिघाड नव्हे. यानाला ऊर्जा मिळते ती प्लुटोनियम-२३८ च्या किरणोत्सारातून. या समस्थानिकाचा अर्धायुकाल ८७.७ वर्षे आहे. म्हणजे तेवढ्या काळात त्याची निम्मी मात्रा क्षय पावते. उष्णतेचे विजेत रूपांतर करणारी जोडणीही झिजत जाते. उड्डाणाच्या वेळी सुमारे ४७० वॅट वीज होती आणि दर वर्षी ती साधारणतः ४ वॅटने घटते. पृथ्वीशी बोलणारा प्रक्षेपक जेमतेम घरातला एखादा दिवा पेटावा एवढ्याच शक्तीचा आहे, परंतु तो चालू राहायचा तर अन्य काहीतरी थांबवणे भाग पडते. प्रथम तापक बंद केले गेले. काही उपकरणे त्यांच्या नियोजित तापमानाच्या कितीतरी खालीही काम करत राहिली. मग उपकरणांची पाळी आली. २०२४ च्या शरदात व्हॉयेजर-२ चे प्लाझ्मा मोजणारे उपकरण थांबले, पुढील मार्चमध्ये त्याचेच कमी ऊर्जेचे कण मोजणारे उपकरण. कोणते आधी आणि कोणते नंतर, हे ठरवणाऱ्यांनी त्या उपकरणांवर उभे आयुष्य घालवलेले असते. सुस्थितीत चालणारे, अजूनही नवे सांगणारे साधन केवळ इतरांचे आयुष्य वाढावे म्हणून स्वतःच्या हाताने बंद करणे, यातील दुःख ज्याने एखादी गोष्ट दीर्घकाळ सांभाळली आहे त्यालाच कळेल. परंतु हा निर्णय टाळणे म्हणजे सगळेच एकदम गमावणे. सांभाळणाऱ्याच्या कर्तव्यात विसर्जनाचाही अंतर्भाव असतो, आणि ते भावनेच्या भरात नव्हे तर हिशेबाने करावे लागते.

यानांची वीज एके दिवशी संपेल. त्यानंतरही त्यांचा प्रवास चालू राहील. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर-१ ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून दोन प्रकाशवर्षांहूनही कमी अंतरावरून जाईल. हे आकडे आपल्याला विस्मित करतात, परंतु माणसाच्या कर्तव्याचे माप त्यांत नाही असे मला वाटते. ते माप पन्नास वर्षांच्या आतबाहेर आहे. एका पिढीने दुसरीला, आणि दुसरीने तिसरीला काम सोपवण्याइतके ते आहे. ४०,००० वर्षांचा विचार कोणालाच करता येत नाही. आपल्या खुर्चीवर पुढे बसणाऱ्या माणसाचा विचार मात्र प्रत्येकाला करता येतो.

आपल्या राज्यात शेकडो धरणे, पूल, जलवाहिन्या आणि वीजउपकेंद्रे आज अशा टप्प्यावर आहेत की त्यांची रचना करणारी पिढी निवृत्त झाली आहे आणि बरेच जण आपल्यात नाहीत. कार्यभार हस्तांतरित करताना सामानाची यादी होते, रोकड मोजली जाते, शिक्के आणि किल्ल्या सोपवल्या जातात. अमुक निर्णय अमुक कारणाने घेतला, अमुक ठिकाणी लक्ष ठेवावे, अमुक गोष्ट कागदावर जशी दिसते तशी प्रत्यक्षात नाही, हे त्या यादीत कोठेही येत नाही. संगणकीकरणाने आकडे सुरक्षित झाले, याविषयी मला समाधान आहे. परंतु शेऱ्याचा रकाना संगणकावरही कोराच राहिलेला मी पाहिला आहे.

आपण सेवेत असाल, मग ते कार्यालय असो, प्रयोगशाळा असो, रुग्णालय असो वा कारखाना, तर ही विनंती आहे. निवृत्तीच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या कामातील चार-दोन महत्त्वाचे निर्णय कारणांसह, आपल्या सहीने आणि तारखेने लिहून ठेवा. आणि ते कोठे ठेवले आहेत हे आपल्या हाताखालच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याला आजच सांगा.